कोर्स फुकट आहे, मग अडतं कुठे?

ऑनलाइन शिक्षण म्हटलं की लोक लगेच म्हणतात, आता काय, सगळं मोबाईलवर आहे, ज्याला शिकायचंय तो शिकेल. आता स्वयम हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल २०१७ पासून सुरू आहे, कोर्स फुकट बघता येतात, आणि २०२१ च्या यूजीसीच्या नियमानं सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून मिळवता येतात. चांगलीच गोष्ट आहे. पण लेक्चरला कुणाचं अडतच नाही हो, अडतं ते त्याच्या आधी आणि नंतर.

आमच्याकडे गोवंडीची एक मुलगी येते. घरात स्मार्टफोन एकच, तो आई कामावर घेऊन जाते, रात्री नऊनंतर हिच्या हातात येतो आणि तेव्हा धाकट्या भावालाही तोच हवा असतो. बरं, फॉर्म भरायला बसली तर ओटीपी जातो वडिलांच्या नंबरवर, ते रिक्षा चालवतात, त्यांनी फोन बघेपर्यंत ओटीपी संपलेला, परत पहिल्यापासून सगळं. त्यात रेशनकार्डावर नाव एक आणि मार्कशीटवर दुसरं. हुशार पोरगी आहे, पण तिची अर्धी ताकद यातच जाते, आणि मला याचा खरंच राग येतो.

आता तिच्या जागी अफगाणिस्तानातून किंवा म्यानमारमधून जीव वाचवून आलेली मुलगी धरा. मार्कशीट तिकडेच राहिली, डुप्लिकेट मागायचं कुणाकडे? निर्वासितांचे हक्क ठरवणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केलेली नाही, त्यामुळे तिच्याकडे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं, कार्ड असलं तरी बरेच फॉर्म आधारच्या रकान्यापाशी अडतात. जगभरात कॉलेजपर्यंत पोचणारी निर्वासित मुलं एकेकाळी १ टक्का होती, नंतर ७ पर्यंत आली, २०३० चं टार्गेट १५ आहे. ते नुसते व्हिडिओ वाढवून गाठता येणार नाही.

मार्ग आहेत. कौन्सिल ऑफ युरोपनं २०१७ पासून निर्वासितांसाठी क्वालिफिकेशन पासपोर्ट सुरू केला, कागद अपुरे असले तरी प्रश्नावली भरून घेतात, जाणकार लोक मुलाखत घेतात आणि त्यावरून शिक्षण किती झालंय ते ठरवतात. आणि मुंबईला तर हे नवं नाहीये! फाळणीनंतर कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधले प्राध्यापक इथे आले, स्वतः निर्वासित, आणि १९४८ मध्ये त्यांनी जय हिंद कॉलेज काढलं. चर्चगेटला जाता-येता आपण ती बिल्डिंग बघतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. युनिव्हर्सिटीनं कागद नसलेल्यांना आधी तात्पुरता प्रवेश द्यावा आणि पडताळणी मुलाखतीनं करावी. वस्तीतल्या अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघड्या राहाव्यात, वायफाय असावं, दोनचार चालू कॉम्प्युटर असावेत, आणि मुख्य म्हणजे फॉर्म, फी, परीक्षा सेंटर या भानगडी माहीत असलेलं एक माणूस तिथे रोज बसलेलं असावं, पगार देऊन बसवलेलं. तुमच्यातले जे प्राध्यापक आहेत त्यांनी पहिल्या मुद्द्यासाठी आपापल्या कॉलेजात अर्ज द्या, दुसऱ्यासाठी वॉर्ड ऑफिसला आपण मिळून जाऊ.