बेटाची विहीर आणि आपली बादली

मंडळी नमस्कार. मे महिन्यातल्या उकाड्यात तुम्ही एवढे जण बेटांवरचं ऐकायला आलात, बरं वाटलं. मी गेली सतरा वर्षं नाशिकहून अंदमानला ग्रुप नेतोय, आधी एका टूर कंपनीत मॅनेजर म्हणून आणि आता स्वतःचे छोटे ग्रुप, त्यामुळं मी जे सांगणार ते पुस्तकातलं कमी आणि जेट्टीवरच्या रांगेतलं, हॉटेलच्या मागच्या बाजूचं जास्त असणार आहे.

आपण नाशिककर अंदमानला का जातो हे वेगळं सांगायला नको. 1909 च्या डिसेंबरात इथं, आपल्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली गेली आणि त्या खटल्याचा धागा पकडत भगूरचे सावरकर 1911 ला सेल्युलर जेलमध्ये पोचले. त्या कोठडीसमोर माझ्या ग्रुपमधली माणसं दरवेळी गप्प होतात, काही जण रडतात, मीही कितीदा रडलोय. पण दुसऱ्या दिवसापासून ट्रिप सुरू होते, बीच, स्कूबा, ग्लास बॉटम बोट, आणि आपल्या त्या चार-पाच दिवसांचा त्या बेटावर काय भार पडतो ते कोणी सांगतच नाही. पहिली काही वर्षं मीही सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

मला ते कळलं शहीद द्वीपवर, म्हणजे पूर्वीचं नील. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथं जमिनी दिल्या, आणि त्यांनी गावांना नावं काय दिली बघा, रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर! आपल्या पंचवटीतल्या माणसाला बोटीतून उतरल्या उतरल्या घरी आल्यासारखं वाटतं. तीन हजारांच्या आसपास वस्ती, भाजीपाला चांगला पिकतो, आणि तिथं एक बाई होमस्टे चालवतात, सगळे त्यांना बौदी म्हणतात. मार्च संपत आला होता, आम्ही चौदा जण, समुद्रावरून आलो आणि सगळे एकदम अंघोळीला. थोड्या वेळानं बौदी मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या, विहिरीवरचं झाकण सरकवलं, दोरीला बांधलेली बादली खाली सोडली, ती तळाला लागल्याचा आवाज आला आणि वर आली तेव्हा अर्धीच भरलेली होती, तीही गढूळ. त्या चिडल्या वगैरे अजिबात नाहीत, एवढंच म्हणाल्या, "भैया, सबको बोलना, एक आदमी दो बाल्टी." मला तिथं उभ्या उभ्या आमच्या आजीचं गाव आठवलं, त्र्यंबक तालुक्यातलं.

ते कसं ते सांगतो. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या इगतपुरीसारखाच. आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवर मे महिन्यात काय असतं ते तुम्ही पेपरात दरवर्षी बघता, विहिरीत उतरलेल्या बायका, खाली तळाला वाटीवाटीनं पाणी भरताना. पाऊस भरपूर पण थांबत नाही, उतारावरून वाहून जातो. बेटावर तर तो वाहून सरळ समुद्रातच जातो. फरक एवढाच की आपल्याकडं टँकर येतो. बेटावर टँकर कुठून येणार.

लक्षद्वीपचं तर अजून नाजूक आहे. छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती, सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेची हद्दच अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे विचार करा. त्या 32 चौरस किलोमीटरवर 2011 च्या जनगणनेत 64 हजार माणसं होती. नदी नाही, डोंगर नाही, नुसती प्रवाळाची वाळू. पावसाचं पाणी त्या वाळूतून खाली मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय असते ना तसं, कारण गोडं पाणी हलकं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल तर तिच्याखाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असू शकतं, पण हाच हिशेब उलटाही लागतो, वरून मोटर लावून उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. आपल्याकडं द्राक्षवाला पाणी लागलं नाही की बोअर अजून दोनशे फूट खाली नेतो. तिथं खाली गेलात की समुद्रच. आणि ह्याच वाळूत संडासाचे शोषखड्डे असतात, म्हणजे रिसॉर्टमध्ये माणसं वाढली की विहिरीतलं पाणी कमीही होतं आणि खराबही होतं.

ह्याच्यावर माणसानं काही केलं नाही असं नाही हं. लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला, 2005 मध्ये चेन्नईच्या एनआयओटी ह्या सरकारी समुद्र-तंत्रज्ञान संस्थेनं एक प्लँट उभा केला, समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि साडेतीनशे मीटर खोलवरून ओढलेल्या थंड पाण्यानं ती वाफ थंड करायची, रोजचं एक लाख लिटर गोडं पाणी. मला ह्या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. पण सगळी भिस्त मशीनवर टाकली की काय होतं ते मालदीवमध्ये दिसलं. 2014 च्या डिसेंबरात तिथल्या राजधानीत, मालेच्या प्लँटमध्ये आग लागली, लाखाच्या वर लोकांचं शहर, नळ बंद, आणि आपल्या हवाई दलाची विमानं नि नौदलाची जहाजं पाणी घेऊन गेली. चारी बाजूंनी पाणी, आणि प्यायचं पाणी विमानानं आणायचं!

मालदीवचं नाव निघालंच आहे तर सांगतो, जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले आणि त्यानंतर मला इतके फोन आले, सगळ्यांचं एकच, मालदीव कॅन्सल, लक्षद्वीप करा. भावना मी समजू शकतो. पण मालदीवमध्ये जवळपास बाराशे बेटं आहेत, 1972 पासून ते रिसॉर्ट चालवतायत, एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी पद्धत, आणि तरीसुद्धा कचऱ्यासाठी त्यांना थिलाफुशी नावाचं एक अख्खं बेट द्यावं लागलं. आपल्या दहा बेटांपैकी कुठलं देणार? लक्षद्वीपला परमिट लागतं म्हणून लोक कुरकुर करतात, मला विचाराल तर ते परमिट आहे म्हणून ती बेटं अजून टिकून आहेत.

आता प्रवाळाकडं येतो. ओहोटीला लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडक उघडे पडतात, मध्ये पाण्याची डबकी राहतात आणि त्यात सगळं जग असतं, समुद्रकाकडी, छोटे खेकडे, निळसर ओठांचे शिंपले, हात लावला की मिटणारे. गाइड ओरडून सांगत असतो काळ्या दगडावर पाय ठेवा, पिवळसर दिसतं ते जिवंत आहे. आणि आपली माणसं फोटोच्या नादात नेमकी त्याच्यावर उभी. माझ्या ग्रुपमधल्या नाशिकरोडच्या एका काकूंनी पांढरा प्रवाळाचा तुकडा उचलून साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला, देवघरात ठेवायला. एअरपोर्टवर मशीनमध्ये दिसला, बॅग उघडायला लावली, तुकडा काढून घेतला, कारण वन्यजीव कायद्यात प्रवाळ संरक्षित आहे, मेलेलाही नेता येत नाही. काकू रडवेल्या झाल्या, म्हणाल्या, अहो मेलेलाच तर होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, चूक माझी होती, मी आधी सांगायला हवं होतं. तो मेलेला प्रवाळ म्हणजेच पुढची वाळू असते हो. पॅरटफिश नावाचा मासा आहे, पोपटासारख्या चोचीचा, प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर दगडही चावतो आणि पोटातून बारीक वाळू करून टाकतो, एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो तिच्यातली बरीचशी त्याच्या पोटातून आलेली असते. आता रिसॉर्टच्या ताटात पॅरटफिश वाढला, प्रवाळ तुडवला, सांडपाण्यानं शेवाळ माजवलं, तर बीच कशाचा राहणार. वरून समुद्र तापतोय ते वेगळंच, 2010 मध्ये अंदमानातला प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरा पडला होता आणि त्या तापण्यात आपल्या विमानांचाही वाटा आहे.

एक गोष्ट अवघड आहे पण बोलतो. अंदमानातल्या बाराटांगच्या गुहांची ट्रिप मी बंद केली. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये रस्त्याचा तो भाग बंद करायला सांगितलं होतं, तरी गाड्यांचे ताफे जात राहिले. गाडीतली माणसं काचेला नाक लावून "दिसला का, दिसला का" करतात. माणसं आहेत ती! काहीशेच उरलीयत. मला ते बघवलं नाही.

(मागून एका मुलानं विचारलं, मग जायचंच नाही का?)

नाही रे बाळा, तसं नाही. 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा बौदींकडं वर्षभर कोणी आलं नाही, त्यांच्या मुलानं परत भाजी लावली आणि तेवढ्यात घर भागत नव्हतं. माणसं यायला हवीत. आणि टुरिझमनं चांगलंही होतं, पलाऊ म्हणून पॅसिफिकमध्ये बेटांचा देश आहे, तिथं अभ्यासकांनी हिशेब केला की एक जिवंत शार्क डायव्हिंगला येणाऱ्या लोकांमुळं त्याच्या आयुष्यभरात 19 लाख डॉलर मिळवून देतो, मारून विकला तर शंभर-एक डॉलर. त्यांनी 2009 पासून आपला सगळा समुद्र शार्कसाठी राखीव केलाय.

पण किती माणसं यावीत हे कोण ठरवणार, माझ्या मते सगळं तिथं अडतं. फिलिपिन्समध्ये बोराकाय बेट आहे, जेमतेम दहा चौरस किलोमीटर, हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जायला लागलं, शेवटी 2018 च्या एप्रिलमध्ये सरकारनं सहा महिन्यांसाठी बेटच बंद केलं. उघडलं तेव्हा आकडा ठरवून दिला, एका वेळी 19,215 पर्यटक, त्याच्यावर एकही नाही. हे चांगलंच झालं, पण एवढं बिघडेपर्यंत थांबले आणि मग हुकूम वरून आला, त्यात वेटर, रिक्षावाले, मसाजवाल्या बायका ह्यांचे सहा महिने बुडाले.

मला त्यापेक्षा इंडोनेशियातलं राजा अम्पात जवळचं वाटतं. तिथं सासी नावाची जुनी चाल आहे, गाव मिळून ठरवतं की समुद्राच्या ह्या पट्ट्यात आता काही महिने कोणी हात घालायचा नाही, ठरलेला काळ झाला की मग उघडायचं. आपल्या देवराईसारखंच की! आणि तिथल्या गावकऱ्यांनी स्वतःच्या जागेवर स्वतःचे होमस्टे काढलेत, म्हणजे पाणी त्यांचं, मासा त्यांचा, पैसाही त्यांच्याच हातात, त्यामुळं पुरे म्हणायचा अधिकारही त्यांच्याकडंच. मालक मुंबईत किंवा दिल्लीत बसलेला असेल तर त्याला विहिरीचा तळ दिसणार कसा? आपण इथं नाशिकमध्ये पॅकेजचे पैसे भरतो, त्यातला मोठा हिस्सा विमानात जातो, मग बाहेरच्या कंपनीचं रिसॉर्ट, मग बोट, आणि भाजी लावणाऱ्या, मासा आणणाऱ्या माणसापर्यंत पोचतं ते अगदी थोडं.

म्हणून मी माझं पॅकेज बदललं. पाच रात्री सहा दिवसांत चार ठिकाणं धावत बघण्याऐवजी नऊ रात्री आणि दोनच बेटं, मुक्काम होमस्टेत, सरकारी बोट, प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली, आणि आणलेलं प्लॅस्टिक परत नाशिकला. निघायच्या आधी इथं एक बैठक होते, तिच्यात मी प्रवाळाचं, पाण्याचं सगळं सांगतो, त्या काकूंची गोष्टही सांगतो, त्यांनीच परवानगी दिलीय. काही लोक सोडून गेले, एवढ्या दिवसांत अमुक कंपनी सात पॉइंट दाखवते म्हणाले. पण जे येतात ते उत्तर अंदमानात दिगलीपूरला कालीपूरच्या किनाऱ्यावर रात्री दोन-दोन तास वाळूत गप्प बसून कासव अंडी घालताना बघतात आणि परत आल्यावर त्यांचं बोलणं सात पॉइंटवाल्यांसारखं नसतं, हे मी खात्रीनं सांगतो.

ह्या वर्षी फेब्रुवारीत बौदींचा फोन आला. म्हणाल्या, पाऊस लवकर गेलाय, विहीर आत्ताच खाली आहे, एप्रिलमध्ये चौदा नको, आठ आणा. मी एप्रिलच्या सगळ्यांना फोन केले, सहा जणांना डिसेंबरची तारीख दिली, त्यातल्या दोघांनी पैसे परत मागितले ते दिले. आठ जण जाऊन आले. रोज दोन बादल्याच मिळाल्या सगळ्यांना.