गच्चीवरचा टॉवर आणि जमिनीखालची भानगड
(हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाल्यांच्या क्लबच्या बैठकीतलं बोलणं, थोडंफार आवरून-सावरून)

मंडळी, बोर्डवर विषय लिहिलाय 'अँटेनाच्या टॉवरची उभारणी आणि विजेपासून संरक्षण', आणि मिळालेल्या वेळातला बराचसा प्रोजेक्टरने आधीच खाल्लाय. तर मुद्दा आत्ताच सांगून टाकतो, नंतर राहायला नको. इमारतीत जेवढ्या म्हणून अर्थिंग आहेत तेवढ्या एकमेकींना जोडा, रेडिओसाठी वेगळी, 'स्वच्छ' अर्थिंग करू नका. का ते येतोच मी, पण आधी टॉवर उभा तर राहायला हवा, आणि सोसायटीत टॉवर उभा राहणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांचे डायपोल, म्हणजे तारेचे अँटेना, अजून कपडे वाळत घालायची दोरी म्हणून चाललेत.

आमच्याकडे काय झालं, टॉवर उभा राहिला आणि पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूमला ओल आली. झालं. ओल टॉवरमुळे. काका म्हणाले ते खाली बोल्ट ठोकलेत ना, तिथून पाणी येतंय. मी म्हटलं काका, टॉवर आहे पूर्वेला, तुमची बेडरूम पश्चिमेला, मधे अख्खी पाण्याची टाकी आहे. तर म्हणाले पाण्याला दिशा कळत नाही! आता यावर काय बोलणार. मीटिंग बोलावली, तिथे गळतीवरून गाडी रेडिएशनवर गेली, एका ताईंनी विचारलं की याने मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो का, मी सांगितलं माझा सेट शंभर वॅटचा, तोही मी बोलेन तेवढाच वेळ, त्यावर मागून आवाज आला, "म्हणजे दिवसभर!" हे आमचे सेक्रेटरी. विनोद चांगला होता, पण मतं तिकडे गेली.

शेवटी मीच म्हटलं पाँडिंग टेस्ट करा. गच्चीचे सगळे आउटलेट बंद करून पाणी तुंबवून ठेवलं, दोन दिवसांनी बघतो तर ओल आली ती पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी, जिथे कोबा आणि पाइप यांच्यात बोटभर फट होती. टॉवरखाली कोरडं ठणठणीत. का ठणठणीत, तर मी कोब्यात बोल्ट ठोकलेच नव्हते, आणि हे मात्र लिहून घ्या. आपल्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो, स्लॅबवर विटांचे तुकडे आणि वर सिमेंट. त्यात अँकर फास्टनर मारलात तर तो धरतो विटांच्या तुकड्यांना, म्हणजे कशालाच नाही, वर वॉटरप्रूफिंग फुटतं ते वेगळंच. टॉवरचा पाय बीमच्या वर येईल असा ठेवायचा, खाली रुंद प्लेट, प्लेटखाली रबर, आणि तणावे, म्हणजे टॉवर ओढून धरणाऱ्या तारा, बांधायचे ते कॉलमला किंवा टाकीच्या आरसीसी पायांना, तेही सोसायटीच्या इंजिनियरला दाखवून. पॅरापेटला अजिबात नाही! साडेचार इंची विटांची भिंत आहे ती, माणूस टेकला तर चालतं, यागी अँटेना टेकला तर ती अख्खी खाली पार्किंगमध्ये. माझ्यावर तक्रार करणाऱ्या काकांची स्वतःची डिश त्याच पॅरापेटवर आहे, असो.

तर टेस्ट झाली, मी निर्दोष सुटलो, आणि तरी एजीएममध्ये ठराव पास झाला की टॉवर पावसाळ्याचे चार महिने झोपवून ठेवावा, "विजेचा धोका असतो म्हणून". आता पुण्यात राहणाऱ्या माणसाने सांगावं, जुलैत कधी वीज कडकडते? रिपरिप असते नुसती. विजा येतात वळवात, एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस परत जाताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे ठरावाप्रमाणे टॉवर झोपणार तेव्हा बहुतेक दिवस आभाळ शांत, आणि आभाळ तापणार तेव्हा टॉवर उभा. मी हे लेखी दिलं. उत्तर यायचंय.

वाऱ्याचं पटकन. आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, पुण्याला मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय, मुंबईला ४४. आकडे जवळजवळ वाटतात, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, पुण्यात चौरस मीटरला साधारण ९३ किलो तर मुंबईत ११८. कोकणातल्यांना हे सांगायला नको, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडे आलं तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही किती दिवस गेले ते त्यांनी भोगलंय, म्हणजे नेमकी ज्या दिवशी आपल्या रेडिओची गरज लागते त्याच दिवशी टॉवर उभा असायला हवा. तणावे तीन दिशांना, १२० अंशांवर, ताण तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. तारेच्या क्लिपची खोगीर बाजू भार घेणाऱ्या तारेवर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर, उलटं बसवलं की भाराची तारच चेपते. टर्नबकलमधून, म्हणजे तणाव्याचा ताण कमी-जास्त करायच्या स्क्रूमधून, तार ओवून पीळ मारा, नाहीतर वाऱ्याने थरथरून टर्नबकल आपोआप उलगडतो. आणि संक्रांतीनंतर वर चढून मांजा काढा, बेल्ट लावून, एकट्याने नाही.

हो हो, दिसलं, दहा मिनिटं. मागे योगावाले चटया घेऊन उभेच आहेत.

अर्थिंग. विजेचा एक सर्वसाधारण झटका ३० हजार अँपियरचा धरा. तुमच्या अर्थिंगचा जमिनीशी रोध दोन ओहम असला, जो नसतोच, तरी टॉवरखालचा अर्थिंगचा खुंट क्षणभर ६० हजार व्होल्टवर जातो. मीटरची अर्थिंग दुसऱ्या कोपऱ्यात, ती शून्याजवळ. आणि या दोघांना जोडणारी एकच वस्तू घरात आहे, तुमचा रेडिओ! कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, एका अर्थिंगचा, पॉवर कॉर्ड दुसऱ्याची. करंट त्याच्यातूनही वाट काढतो. दोन्ही खुंट जाड पट्टीने जोडले की सगळंच एकत्र वर जातं आणि एकत्र खाली येतं, फरक उरतो तो थोडका. म्हणून म्हणतो जोडा, आणि मीटरकडची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच.

टॉवरपासून जमिनीपर्यंतची अर्थिंगची पट्टी सरळ उतरवा, काटकोनात वळवू नका. मीटरभर तारेला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला अडवायचा गुण, असतो, दहा मीटरला दहा, करंट दर मायक्रोसेकंदाला १० हजार अँपियरने चढला तर नुसत्या तारेवर एक लाख व्होल्ट. कोॲक्सचं शील्ड, म्हणजे बाहेरची जाळी, टॉवरच्या वर जोडा, खाली जोडा, आणि खिडकीशी एक धातूची प्लेट लावून तिच्यावर अरेस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज अर्थिंगकडे वळवणारा, अँटेना फिरवणाऱ्या रोटरची केबलही त्याच प्लेटवरून. तांबं वापरू नका, भंगारवाला नेतो, जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी चालते. अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा मेमध्ये कोरडा पडतो, म्हणजे नेमका वळवात, त्याला पाणी घाला. आणि आपल्याकडे दोन फुटांवर काळा पाषाण लागतो, रॉड जात नाही, तिथे हट्ट सोडून पट्टी आडवी पुरा, इमारतीभोवती जेवढी फिरेल तेवढी.

काय म्हणालात? कोॲक्स काढून प्लग काचेच्या बरणीत ठेवला तर? जुने लोक ठेवायचे खरे. पण किलोमीटरभर हवा फोडून आलेली वीज लोणच्याच्या बरणीपाशी थांबेल असं मला वाटत नाही. काढून ठेवायचाच तर खिडकीच्या बाहेर, प्लेटला जोडून, आणि ढग दिसायच्या आधी, गडगडायला लागल्यावर हात लावायचा नाही. बाकीचं चहाला बोलू, या, या, टाका चटया.