सड्यावरचा हत्ती आणि खालचं गाव

(दृश्य : भर दुपार. तांबूस-काळा कातळ, दूरवर एकही झाड नाही. जमिनीत कोरलेल्या काही रेषा.)

राजापूर तालुक्यातलं कशेळी. गाव खाली आहे, माडा-पोफळीत. आपण वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, उभे आहोत. पायाखाली जांभा, डोक्यावर ऊन, पश्चिमेला समुद्राची निळी पट्टी. कातळात काही चर दिसतायत. एक रेष इकडून येते, वळते, पुढे जाते. नक्की काय आहे ते उभ्या माणसाला कळत नाही.

(दृश्य : ड्रोन वर जातो. रेषा जुळत जातात.)

आता बघा. सोंड. पाय. पाठीची कमान.

हा हत्ती साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. त्याच्या अंगात आणि आजूबाजूला आणखी कितीतरी प्राणी, पक्षी, मासे कोरलेत. ज्यांनी तो कोरला त्यांना तो असा वरून कधीच दिसला नसणार. तरी कमान कुठे चुकलेली नाही. कसं जमवलं असेल, यावर आम्ही चित्रीकरणाच्या वेळी बराच वाद घातला. उत्तर कुणालाच सुचलं नाही.

अशी दीड हजारांहून जास्त कातळशिल्पं रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या सड्यांवर नोंदली गेली आहेत. वाघ, हरणं, कासवं, मोर, शार्क, शेपटीवाला पाकट मासा. एकशिंगी गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा कुठे शोधायचा? म्हणजे कोरणाऱ्याच्या वेळचं कोकण वेगळं होतं. आणि गंमत अशी की एवढ्या चित्रांत शेतीचं चित्र नाही. नांगर नाही, बैलगाडी नाही, कणीस नाही. ही चित्रं शेतीच्या आधीची असावीत, असं अभ्यासक म्हणतात ते यावरून. काळाबद्दल एकमत नाही, पण अनेकांचा अंदाज मध्याश्मयुगापर्यंत, दहा-बारा हजार वर्षं मागे जातो. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं, तिथे दगडी हत्यारं मिळाली. माणूस इथे फार जुना आहे, एवढं तरी त्यातून पक्कं झालं.

(दृश्य : सड्यावरून चालणारा गुराखी, मागे गुरं.)

हे सगळं उजेडात कसं आलं? रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई, हे तिघे वर्षानुवर्षं सडे तुडवत फिरले. रिसबूड पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सरकारी मोहीम नव्हती, मोठा निधी नव्हता. त्यांना वाट दाखवली ती गुराख्यांनी आणि गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी. कारण गावाला ही चित्रं ठाऊक होतीच. कुणी म्हणायचं पांडवांनी एका रात्रीत कोरली. सिंधुदुर्गातल्या कुडोपीत त्या जागेला बावल्यांचं टेंब, म्हणजे बाहुल्यांची टेकडीच म्हणतात. आपण ज्याला शोध म्हणतो, तो गावासाठी बऱ्याचदा रोजच्या वाटेवरचा दगड असतो.

देवीहसोळला तर ही ओळख याहून घट्ट आहे. आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळात एक मोठी चौकोनी रचना कोरलेली आहे. जत्रेत भालावलीची नवदुर्गा आणि आर्यादुर्गा यांची भेट होते ती या कातळशिल्पावर. कोरणारे लोक गेले, त्यांची भाषा गेली, कोरण्यामागचा हेतू गेला. जागेचा मान मात्र उरला. कुठलंही कुंपण, कुठलाही पहारेकरी नसताना ही जागा शाबूत राहिली, याचं श्रेय मी तरी त्या जत्रेला देईन.

(दृश्य : पावसाळा. तोच सडा, आता हिरवा. पाण्याची डबकी. फुलांवर कॅमेरा.)

आता जुलैमध्ये या. उन्हाळ्यात ज्याला तुम्ही ओसाड म्हणाला होता, तो हाच सडा.

पहिल्या पावसानंतर दिपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती कोकणातल्या सड्यांखेरीज फारशी कुठे सापडत नाही. मग गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे, तेरडा. मध्येच दवबिंदू, चिकट केसांवर किडे पकडून खाणारा. कातळावरची माती काही बोटं जाडीची. तेवढ्या मातीत आणि तेवढ्याच महिन्यांत या सगळ्यांना उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं.

आणि पाणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र दगड. सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून आत मुरतं आणि उताराखाली झऱ्यांतून, ओहोळांतून बाहेर येतं. खालच्या वाडीची विहीर त्यावर चालते. वर कातळ फोडला की खाली विहिरीवर परिणाम होतो. हे समजायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही, वाडीतल्या कुणाही बाईला विचारा, हंडा घेऊन किती लांब जावं लागतं ते ती सांगेल.

कातळशिल्पं, फुलं, गुरांचं गवत, विहिरीचं पाणी, देवीची जत्रा. सगळं एकाच सड्यावर आहे. पर्यटनाचा आराखडा करताना मात्र यातलं एकच काहीतरी उचललं जातं, बाकीच्याला पार्श्वभूमी समजतात. इथेच घोळ होतो.

(दृश्य : चिरेखाण. यंत्राने कापलेल्या चिऱ्यांच्या रांगा, लाल धूळ.)

सातबाऱ्यावर अशी जमीन बहुधा पोटखराबा म्हणून लागलेली असते. पीक नाही, म्हणून किंमत नाही. मग किंमत येते कशाने? चिऱ्याने, म्हणजे जांभा कापून काढलेल्या बांधकामाच्या दगडाने येते. कोकणातलं घर चिऱ्याचं, कुंपण चिऱ्याचं, देऊळ चिऱ्याचं, तेव्हा खाणवाल्याला खलनायक करणं सोपं आहे पण प्रामाणिक नाही. दुसरी किंमत हापूसने येते. सुरुंग लावून कातळात खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची, कलमं लावायची. कोकणी माणसाच्या कष्टाची ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि ती कौतुकाची आहेच. पण सुरुंगाच्या जागी आधी काय कोरलेलं होतं, हे बघायला कुणी थांबलं असेल असं नाही.

आणि मग बारसू. दोन्ही बाजूंनी झेप घेणारे वाघ आणि मधे उभा माणूस, हे शिल्प तिथल्या सड्यावर आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरचं तसंच एक चित्र अनेकांना ते पाहून आठवतं. हाच परिसर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सुचवला गेला. 2023 च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी गावकरी सड्यावर उतरले, पोलीस आले, बातम्या झाल्या. प्रकल्प हवा की नको, यावर गावातही दोन मतं होती. पण त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांनी कातळशिल्प हा शब्द पहिल्यांदा ऐकला, हेही खरं.

त्याच्या आदल्या वर्षी, 2022 मध्ये, कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली होती. नऊ जागा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातलं कुडोपी. आणि गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठचं पणसायमळ, जिथे कातळात गोल गोल चक्रव्यूह कोरला आहे.

(दृश्य : हमरस्ता. गाड्या. दिशादर्शक फलक.)

यादीत नाव आलं की माणसं येतात. ती कशी येतात, ते सांगतो. पुण्या-मुंबईहून गाडी निघते. गणपतीपुळ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी वाटेत कातळशिल्प. गाडी सड्याच्या कडेला लागते, बुटांसकट मंडळी हत्तीच्या पोटावरून चालतात, रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून एखाद्याला खडू फिरवायचा मोह होतो. तासाभरात गाडी परत रस्त्याला. जेवण हमरस्त्यावरच्या हॉटेलात. गावाच्या हाती काय लागलं? पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

याला पर्यटन म्हणावं का, असा प्रश्न मला पडतो.

गर्दीचं काय होतं ते साताऱ्याजवळच्या कासला दिसलं. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कासही होतं, आणि फुलांच्या हंगामात घाटरस्ता गाड्यांनी भरून गेला. पुढे ऑनलाइन नोंदणी आली, रोजच्या माणसांवर मर्यादा आली, शुल्क आलं. भोवतालच्या गावांच्या वनसमित्या ते काम बघू लागल्या, पोरांना हंगामी रोजगार मिळाला. पण पठाराला कुंपण घातलं, तेव्हा गुरं चरायची थांबली आणि रानातल्या जनावरांच्या वाटा अडल्या. गुरं थांबली तर गवत माजतं, गवत माजलं तर नाजूक फुलं दबतात, अशी ओरड झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. म्हणजे ज्या गुरांना आपण उपद्रव समजत होतो, ती पठाराच्या व्यवस्थेचा भाग होती.

(दृश्य : वेळासचा किनारा, पहाट. वाळूतून समुद्राकडे जाणारी कासवाची पिल्लं.)

उलट्या बाजूचं उदाहरण मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणविसांच्या भानू घराण्याचं मूळ गाव. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आधी ती अंडी माणसं नेत, नाहीतर कोल्हे-कुत्रे फस्त करत. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले, आणि ते राहिले कुठे? गावातल्या घरांत. रिसॉर्ट उभं राहिलं नाही. ओटीवर गाद्या पडल्या, स्वयंपाकघरात उकडीचे मोदक झाले, सोलकढी झाली. पिल्लू कधी बाहेर येणार ते अंड्याच्या आत ठरतं. पाहुण्याने थांबायचं. कधी पहाटे जाऊन काहीच दिसत नाही, मग आणखी एक रात्र मुक्काम. गावाचा फायदा त्या थांबण्यात आहे.

कातळशिल्पाची अडचण अशी की ते पळून जात नाही. वर्षभर तिथेच पडून असतं, त्यामुळे कुणाला थांबावंसं वाटत नाही. थांबण्याचं कारण गावाने द्यावं लागेल. ते गावाकडे आहेही. कशेळीचंच घ्या. वर हत्ती, खाली कनकादित्याचं सूर्यमंदिर, शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट, देवघळीचा किनारा. देवाच्या गोठण्याला भार्गवरामाचं देऊळ, आणि वर सड्यावर एका मानवाकृतीपाशी होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. पाहुण्याला हे सगळं उलगडून दाखवणारा गावचा माणूस हवा. दुपारी कुणाच्या पडवीत कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी हवी. आणि संध्याकाळी ऊन कललं की पुन्हा सड्यावर, कारण तिरप्या उन्हात चरांत सावली भरते आणि जे दुपारी नुसते ओरखडे होते ते वाघ होतात. ड्रोन लागत नाही. मुक्काम लागतो.

उक्षीसारख्या गावाने सुरुवात केलीय. तिथे हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा बांधून ते बाहेरून, थोडं उंचावरून बघण्याची सोय झाली. चित्रावर पाय पडत नाही. रत्नागिरीत कातळशिल्पांचं संशोधन केंद्रही उभं राहिलंय.

भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. सुशोभीकरणाची. निधी आला की पेव्हर ब्लॉक येतात. मग स्टीलचं रेलिंग, रंगीत दिवे, गावाच्या नावापुढे लाल बदाम असलेला सेल्फी पॉइंट, आणि दोन खोटे दगडी हत्ती, खऱ्या हत्तीपासून वीस पावलांवर. पार्किंगसाठी सपाट केलेल्या कातळावर दिपकाडी पुन्हा येत नाही. सड्यावर करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत. चालायची वाट आखा, बूट काढून ठेवायला जागा करा, गाडी खाली गावात थांबवा. गाडी खाली थांबली तर माणूस गावातून चालत वर जाईल, येताना तहानेने कुणाच्या तरी दारात टेकेल. कोकमाचं सरबत तिथेच खपतं.

(दृश्य : तलाठ्याच्या टेबलावरचा सातबारा. नावांची लांबलचक यादी.)

संभाव्य यादीतून मुख्य यादीत जायचं तर जागेची हद्द आखावी लागते. हत्तीभोवती दहा फूट? की पाणी मुरतं तो अख्खा सडा? देवीची वाट हद्दीत धरायची की बाहेर? हद्दीत आलेल्या जमिनीवर चिरा काढता येणार नाही, कलम लावता येणार नाही, मग मालकाला त्या बदल्यात काय? हे प्रश्न पॅरिसमध्ये, युनेस्कोच्या कचेरीत सुटणारे नाहीत, ते ग्रामसभेत आणि तलाठ्याच्या टेबलावर सुटायचेत. बहुतेक सडे खाजगी आहेत आणि सामाईक. एकेका सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावं, चुलत्यांची, चुलत्यांच्या मुलांची. त्यातली निम्मी मंडळी परळ, विरार, डोंबिवलीला. संमतीचा कागद घेऊन गावातला कार्यकर्ता बसलेला असतो. सह्या घ्यायच्या तर गणपतीतच, एरवी सगळे एका ओटीवर भेटत नाहीत.