शिल्लक नेमकी कोणाची?

(स्वयंसेवी संस्थांच्या प्रमुखांसाठी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘संस्थांचे वर्षअखेरीचे नियोजन’ असा छापला आहे आणि त्याखाली कोणीतरी उत्साहाने ‘कृतिआराखड्यासह’ असेही जोडले आहे. आराखड्याकडे मी येणारच आहे. मात्र तो फसायला सुरुवात होते ती बहुधा एकाच वाक्यापासून: ‘बँकेत शिल्लक बरी आहे.’ गेली अनेक वर्षे हे वाक्य माझ्या डोक्यात ठाण मांडून बसले आहे, तेव्हा आधी त्याचा निकाल लावू द्या.

मी एका लहान संस्थेचा कार्यवाह असताना वर्षअखेरीच्या बैठकीत मीच ते वाक्य उच्चारले होते. शिल्लक अकरा महिन्यांच्या खर्चाइतकी होती. विश्वस्तांचे चेहरे उजळले, एकाने तर नव्या केंद्राचा ठराव तोंडीच मांडून टाकला आणि दुसऱ्याने त्याला अनुमोदनही दिले. आमच्या हिशेबनीस बाई तोवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांनी डायरीतला एक कोरा कागद फाडला, पेन्सिलीने तीन रकाने आखले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. पहिल्या रकान्यात अकरा महिने. दुसऱ्यात, त्यातले सात महिने पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्त्यांसाठी आगाऊ आलेले, अडीच महिने इमारतीच्या दुरुस्तीसाठीच दिलेले आणि एक महिन्याची बिले अजून चुकती व्हायची. तिसऱ्या रकान्यात उरला अर्धा महिना. बाई म्हणाल्या, ‘सर, पंधरा दिवसांत नवे केंद्र उभे राहत असेल तर माझी हरकत नाही.’ ठराव मागे घेतला गेला. इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही, कारण इतिवृत्त मीच लिहीत होतो.

बांधील निधी, म्हणजे ठरावीक कामासाठीच दिलेला पैसा, आणि मोकळा निधी, म्हणजे संस्थेला हवा तसा वापरता येणारा पैसा, यांतला भेद इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, हे मी जाणतो. तरीही तो ताळेबंदाच्या परिशिष्टात राहतो आणि बैठकीत एकच आकडा वाचला जातो. त्यात संस्थेची स्वतःची वास्तू असेल तर भ्रम आणखी वाढतो, कारण ताळेबंदात तिची किंमत निधीला फुगवते. परंतु पगाराच्या दिवशी भिंत मोडून कोणाला देता येत नाही.

थोडे विषयांतर करतो. वर्ष संपते ती तारीख तरी कोणी ठरवली? भारतात ३१ मार्च, अमेरिकेत अनेक संस्थांचे ३१ डिसेंबर किंवा ३० जून, आणि ब्रिटनचे करवर्ष तर ५ एप्रिलला संपते. तिथले जुने वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. १७५२ मध्ये दिनदर्शिका सुधारताना ११ दिवस गाळले गेले आणि करवर्षाचा आरंभ पुढे सरकत सरकत ६ एप्रिलवर येऊन थांबला. अशा योगायोगाच्या तारखेला घाबरून आपण पैसे खर्च करतो! लिबमन आणि महोनी या अभ्यासकांनी अमेरिकी केंद्र सरकारची खरेदी तपासली, तेव्हा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च एरवीच्या साप्ताहिक सरासरीच्या जवळजवळ पाचपट आढळला आणि त्या आठवड्यात हाती घेतलेले संगणकविषयक प्रकल्प दर्जात कमी भरले. सरकारला हसू नका. आमच्या कपाटात शाईच्या चौदा कार्ट्रिज होत्या. अनुदान ‘लॅप्स’ होऊ नये, म्हणजे मुदतीत न खर्चल्याने हातचे जाऊ नये, म्हणून घेतलेल्या. त्या ज्या प्रिंटरला बसत, तो दोन महिन्यांनी भंगारात गेला.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे: सात मिनिटे. म्हणजे आराखडा आता पळवावा लागणार.

वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी तो तीन रकान्यांचा कागद तयार करा आणि तिसऱ्या रकान्यातल्या रकमेला महिन्याच्या ठरलेल्या खर्चाने भागा. संस्था स्वतःच्या बळावर किती काळ चालेल, ते तेवढ्याने कळते. जे अनुदान खर्चून संपणार नाही, त्याच्या देणगीदाराला मुदत संपण्यापूर्वीच पत्र लिहून मुदतवाढ किंवा खर्चाचे शीर्ष, म्हणजे पैसा कशावर खर्चायचा ते, बदलण्याची परवानगी मागा आणि ती लेखी घ्या, कारण फोनवरचा होकार लेखापरीक्षकाला दाखवता येत नाही.

पुढच्या वर्षाची जमा मांडताना करार झालेला पैसा, बोलणी चाललेला पैसा आणि निव्वळ आशेवरचा पैसा एका बेरजेत घालू नका. पगार पहिल्यातूनच भागतात का, तेवढे पाहा. रोख महिनावार मांडा, कारण वर्षाची बेरीज जुळते आणि पाचव्या महिन्यात खाते रिकामे असते. एखादे काम थांबवायचे असेल तर तो निर्णय कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीची पत्रे निघण्याआधी व्हावा. विश्वस्तांकडून अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्यापूर्वी मंजूर करून घ्या. देणगीदारांच्या आभारपत्रांचे बोलायचे राहिले, ते प्रश्नोत्तरांत विचारा.

बाईंच्या त्या कागदाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आकडे पुसले आहेत, रकाने तेच आहेत, आणि शेजारी पेन्सिलीही आहेत.