स्विच लावण्याआधी

(वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माळ्यावरून जुना डीएक्स-७ सिंथेसायझर खाली येतो, फडक्याने धूळ पुसली जाते आणि अर्ध्या मिनिटात कोणीतरी वायर भिंतीत खुपसून बटण दाबतो. जुनी डिजिटल वाद्यं कायमची जातात ती बहुतेक वेळा याच अर्ध्या मिनिटात. तेव्हा आजचं बरंचसं बोलणं त्या बटणाच्या अलीकडचं आहे.

हार्मोनियमचा सूर उतरला तर पेटीवाला पितळी पट्टी जराशी खरवडतो आणि सूर जागेवर येतो. पट्टी तुटली तर दुसरी बसते. डिजिटल सिंथेसायझरमध्ये सूर आकड्यांत लिहिलेला असतो, आणि ते आकडे चिपमध्ये, बॅटरीवर तगून असलेल्या मेमरीत किंवा फ्लॉपीवर राहतात. तुटलेलं सोल्डर पुन्हा लावता येतं. पुसलेले आकडे कोणी परत आणून देत नाही.

ही वाद्यं मुळात संगणकच. सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ मध्ये आणलेल्या फेअरलाइट सीएमआय या वाद्याच्या पेटाऱ्यात ६८०० जातीचे दोन प्रोसेसर, ८ इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणि पडद्यावर टेकवायचा लाइट पेन होता. एका वेळी वाजणारे आवाज ८, आणि प्रत्येकाला अवघी १६ किलोबाइट मेमरी. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या परिसरात त्याच सुमारास सिंक्लाव्हियर तयार झाला, तोही स्वतःचा १६ बिटांचा संगणक घेऊन. पुढे इम्युलेटर-२ या वाद्यात झेड-८० प्रोसेसर आला, एन्सोनिक मिराजमध्ये ६८०९. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ने मात्र हे प्रकरण स्टुडिओतून काढून साध्या वादकाच्या हातात दिलं. म्हणून जुन्या संगणकाचे सगळे आजार यांना होतात, वर वाद्याचे वेगळे.

पहिली गोष्ट वीज. आपल्याकडे भिंतीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानातून सेकंडहँड आलेलं वाद्य १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतून आलेलं ११७ किंवा १२० चं. मागच्या पट्टीवर ते छापलेलं असतं, ते वाचा. दुकानात "११० चा स्टेप-डाउन" मागितला की बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर हातात पडतो. त्यात एकच गुंडाळी असते. तिचा खालचा भाग तुटला तर वाद्याला सगळे २३० जातात. दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा आयसोलेशन प्रकार मागा. जपानी वाद्यासाठी २३० ते १०० असा ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या, एका कीबोर्डाला १०० व्हीए पुष्कळ होतं. १०० च्या वाद्याला ११० दिले तरी ते चालतं, पण आतला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट ठरावीक आकड्यावर धरणारा भाग, जास्तीचे व्होल्ट उष्णतेत काढतो आणि मे महिन्यात ठाण्याच्या बंद खोलीत ती उष्णता शेजारच्या कपॅसिटरला भोवते.

फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर आणखी तापतो, कारण गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्ट भागिले हर्ट्झ या हिशेबाने वाढतं. ११७ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवायचा तर त्याला साधारण १०० व्होल्ट दिले की गाभा मूळच्याच स्थितीत राहतो. मग दुय्यम, म्हणजे वाद्याकडे जाणाऱ्या बाजूचे व्होल्टही त्याच प्रमाणात उतरतात. ७८०५ रेग्युलेटरला ५ द्यायला आत किमान ७ लागतात. तेवढे उरतात का, ते भर लोडवर मोजून बघा.

आता झाकण उघडा. वायर भिंतीत नाही हे दोनदा पाहा. स्विचिंग सप्लाय असेल तर मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट बसलेले असतात आणि वायर काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, तोंडाशी पिवळसर पारदर्शक वेष्टणाचा कागदी कपॅसिटर दिसला आणि त्यावर केसासारख्या चिरा असल्या तर विचार करू नका, काढून टाका. चिरांतून दमट हवा कागदात शिरते आणि चालू केल्यावर खोलीभर धूर होतो. जागी तितक्याच मूल्याचा एक्स-२ वर्गाचा प्लास्टिक फिल्मचा बसवा.

सप्लायचा कनेक्टर मुख्य बोर्डावरून उपसा. ५ व्होल्टच्या रेषेवर १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर खोटा लोड म्हणून लावा, अर्धा अँपिअर ओढला जातो. मेन्सच्या बाजूला, म्हणजे २३० वर, आपल्या वायरमनचा जुना सिरीज बल्ब, म्हणजे वायरीच्या मधेच जोडलेला बल्ब: ६० वॅटचा आणि तारेचाच. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. स्विचिंग सप्लाय या बल्बमागे उचक्या देतो, चालू-बंद, चालू-बंद. त्यावरून निदान करू नका.

मीटरवर ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा हवा. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर फिरवा. थोडे मिलिव्होल्ट दिसले तर फिल्टर कपॅसिटर धड आहेत. ५० च्या वर गेले तर ते बदलायचे: मूल्य तेच, व्होल्ट तितकेच किंवा जास्त, १०५ अंशांचे. हल्ली वाद्य हातात आलं की सरसकट सगळे कपॅसिटर बदलायची साथ आली आहे. मला ती पटत नाही. दोनशे जागी सोल्डर काढताना चाळीस वर्षांच्या बोर्डाची तांब्याची पट्टी दोन-चार ठिकाणी उचकटतेच, आणि मूळचा एक बिघाड होता तिथे पाच होतात. मोजा, जो वाईट तो बदला. अपवाद टँटलमच्या थेंबासारख्या दिसणाऱ्या कपॅसिटरांचा. ते सुकत नाहीत, थेट शॉर्ट होतात. १५ व्होल्टच्या रेषेवर १६ व्होल्टचा टँटलम दिसला तर तो बिघडायची वाट बघू नका, ३५ चा घाला.

सप्लाय नीट आहे. कनेक्टर परत लावा, चालू करा. स्क्रीनवर अक्षरं आली? आता वाजवत बसू नका. डीएक्स-७ चे ३२ आवाज एका सीआर२०३२ च्या जिवावर आत बसलेले आहेत, आणि ती बटण-बॅटरी कारखान्यातली असेल तर चाळीस वर्षांची आहे. फंक्शन दाबून १४ नंबरचं बटण दाबा, तिचे व्होल्ट दिसतात. नवी असेल तर ३ च्या आसपास. आकडा काहीही येवो, आधी आवाज उतरवून घ्या.

फंक्शन, मग ८ नंबरचं बटण पुन्हा पुन्हा. 'सिस इन्फो अनअव्हेल' आलं की 'येस' दाबून 'अव्हेल' करा. पुन्हा ८ दाबा, 'मिडी ट्रान्समिट?' विचारतो, 'येस' म्हणा. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची पद्धत. वाद्याच्या मिडी आउटमधून संगणकात जी फाइल पडते ती बरोबर ४१०४ बाइटची असली पाहिजे: ३२ आवाज गुणिले १२८ म्हणजे ४०९६, सुरुवातीला ६ बाइटांचा मथळा, शेवटी एक तपासणीचा आणि एक समाप्तीचा बाइट. मिडीच्या वेगाने याला सव्वा सेकंदापेक्षा किंचित जास्त लागतो. फाइल लहान आली तर दोष वाद्याचा नसून बहुधा स्वस्त यूएसबी-मिडी वायरचा असतो. एक-एक सूर ती नीट नेते, सलग लांब निरोप आला की मधले बाइट गाळते. फाइल दोनदा उतरवा, दोन्ही तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा. बेंड रेंज, पोर्टामेंटो वगैरे फंक्शनच्या नोंदी या फाइलमध्ये येत नाहीत. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग बॅटरी. वाद्य बंद, वायर बाहेर. जुनी बॅटरी तिच्या पत्र्यांसकट सोल्डरने जोडलेली असते. सोल्डरची इस्त्री थेट तिच्यावर टेकवू नका, लिथियमची बटण-बॅटरी तापली तर फुटते. आधी दोन्ही पत्रे कटरने कापा, बॅटरी बाजूला काढा, मग बोर्डात उरलेले तुकडे एकेक करून काढा. इस्त्री ३४० अंशांच्या आसपास, टोक अर्थ केलेलं, एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. भोक साफ करून बॅटरीचा होल्डर बसवा, म्हणजे पुढच्या वेळी इस्त्री लागणारच नाही. अधिक-उणे बोर्डावर छापलेलं आहे, होल्डरवर उलटं नाही ना ते मीटरने बघा. चालू केल्यावर आवाजांच्या नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील, घाबरू नका. मेमरी प्रोटेक्ट काढा, 'सिस इन्फो अव्हेल' करा आणि तीच ४१०४ बाइटची फाइल परत पाठवा.

लिथियमऐवजी निकेल-कॅडमियम असेल तर गोष्ट वेगळी. कॉर्ग पॉलीसिक्स या सिंथेसायझरच्या केएलएम-३६७ बोर्डावरची बॅटरी फुटते आणि तिच्यातला क्षार बोर्डावरच्या आजूबाजूच्या तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. हिरवट-पांढरी पूड दिसते. क्षाराला आम्ल लागतं: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, जुन्या टूथब्रशने. फेस थांबेपर्यंत घासा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पट्टीचा हिरवा लेप फुगला असेल तर तो खरवडून खालचं तांबं बघाच. वरून छान दिसणारी पट्टी मीटरवर तुटलेली निघते. जागी लिथियम बसवणार असाल तर चार्जिंगचा रेझिस्टर काढा आणि मधे एक डायोड घाला. चार्ज न होणाऱ्या बॅटरीला चार्ज केलं तर काय होतं ते बघायची हौस नको.

पुढचे आकडे इप्रॉममध्ये, म्हणजे वाद्याचा स्वतःचा प्रोग्रॅम जिच्यात असतो त्या चिपमध्ये. वर काचेची खिडकी असलेली ती चिप. खिडकीवरचा स्टिकर निघाला असेल तर लगेच काळी पट्टी लावा, अतिनील प्रकाशाने ती पुसली जाते. चिप सॉकेटमधून दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचला, टीएल८६६ सारख्या प्रोग्रॅमरवर तीनदा वाचा. २७६४ असेल तर ८ किलोबाइट, २७१२८ असेल तर १६. तिन्ही वेळा एकच मजकूर आला तर चिप शाबूत. वेगळा आला तर पाय साफ करून पुन्हा. आपल्याकडे, खाडीच्या काठी, निम्मं दुखणं या पायांचं आणि सॉकेटचंच. पाय काळे पडलेले असतात, सॉकेटची पकड एकाच बाजूने असते आणि थंड-गरम होत चिप वर सरकते. कित्येक 'मेलेली' यंत्रं चिपा उचलून, पाय खोडरबरने पुसून परत बसवल्या की बोलायला लागतात. पुन्हा-पुन्हा तोच त्रास आला तर सॉकेटच बदला, गोल कातलेल्या पिनांचा घ्या.

काही चिपांना मात्र पर्याय नाही. डीएक्स-७ चे वायएम२१२८० आणि वायएम२१२९० यामाहाने स्वतःसाठीच बनवले. ते गेले तर दुसऱ्या डीएक्स-७ च्या पोटातूनच काढायचे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कोणी "मिळेल साहेब" म्हणालं तरी छाप पुसून नवा छाप मारलेला माल असू शकतो, पैसे देण्याआधी चालवून दाखवायला सांगा.

फ्लॉपीकडे येऊ. ८ इंची जुन्या ड्राइव्हची मोटर थेट मेन्सवर चालते आणि तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. चकती मिनिटाला ३६० फेरे फिरली पाहिजे. ६० हर्ट्झची पुली लावलेला अमेरिकी ड्राइव्ह इथे ३०० फेरे देतो आणि काहीच वाचत नाही. लोक हेड बदलतात, बोर्ड बदलतात, आणि दोष एका पुलीचा आणि पट्ट्याचा असतो.

चकती ड्राइव्हमध्ये घालण्याआधी खिडकीतून हाताने फिरवून तिरप्या उजेडात बघा. पावसाळ्यात बुरशी धरते, ती धुरकट ठिपक्यांसारखी दिसते. अशी चकती घातली तर हेडला घाण चिकटते आणि पुढची चांगली चकतीही ओरखडते. वेष्टणाची कड सोडवून चकती बाहेर काढा, डिस्टिल्ड वॉटरने हलकी पुसा, पूर्ण सुकवा, दुसऱ्या वेष्टणात घाला, मग वाचा. प्रत्येक चकतीनंतर हेड ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलने. वाचताना फाइल कॉपी करू नका, ग्रीझविझलसारख्या यंत्राने चुंबकीय लाटच उतरवून घ्या. या वाद्यांच्या फ्लॉपीची मांडणी साध्या संगणकाला ओळखू येत नाही, आणि लाट हातात असली की अर्थ नंतर सावकाश लावता येतो.

रोज वाजवायला मिराजसारख्याला यूएसबीवरचा फ्लॉपी एम्युलेटर खुशाल लावा. मूळ ड्राइव्ह फेकू मात्र नका. आणि जास्त क्षमतेच्या एचडी फ्लॉपीच्या भोकाला चिकटपट्टी लावून ती कमी क्षमतेची डीडी म्हणून वापरायची युक्ती सोडा. थराची चुंबकीय प्रकृती वेगळी असते, आज लिहिलेलं वर्षभराने वाचलं जाईल याचा भरवसा नसतो.

एक दुखणं आपल्या हवेला फार मानवतं. रोलँड जेडी-८०० मध्ये, १९९१ चा तो, बोटांखालच्या पट्ट्यांना वजन देणारे लोखंडी तुकडे लाल इपॉक्सीने चिकटवले आहेत. ते उन्हाळ्यात वितळून काकवीसारखं खाली ओघळतं आणि संपर्काच्या बोर्डावर जाऊन बसतं. पट्ट्या सुट्या करून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवाव्या लागतात. प्लास्टिकला काही होत नाही, ॲल्युमिनियमचा कोणताही भाग मात्र त्यात पडू देऊ नका. हातमोजे, चष्मा, बाल्कनीत काम, आणि सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही.

श्रोत्यांतून विचारलं गेलं की जुलैत वाद्य ठेवायचं कसं. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलं तर आतली ओल आतच राहते. सुती चादर घाला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, पेटीत घालणार असाल तर सिलिका जेल ठेवा आणि मण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने ओल उडते. त्या तासात फंक्शन १४ दाबून बॅटरीचा आकडा तारखेसह कागदावर लिहा आणि तो कागद झाकणाच्या आत चिकटवा.