आमेननंतर

मुंबईजवळच्या उत्तनचा किनारा. ऑक्टोबरची सकाळ, ऊन अजून कोवळं आहे. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालायचं काम चाललंय. हे हात जरा नीट बघा. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची, की लगेच पुढची. हे हात माझ्या आईचे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मग होड्या दर्यात उतरतात, डोल जाळ्यांत बोंबील येऊ लागतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, आमचा सुगीचा सण. नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये न्यायची, फादर आशीर्वाद देतात. मुंबईकडच्या कित्येक गावांतली शेतं कधीच इमारतींखाली गेली; आगेरा मात्र टिकून आहे.

पण सण वर्षातून एकदा. रोजचं काय?

जेवणाआधीची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना, मला लहानपणापासून पाठ होती. तीच तर गोची. भात निवायच्या आत आमेन गाठायचं, एवढंच आम्हा भावंडांना ठाऊक.

२००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. कोकणात होड्या बुडाल्या, माणसं गेली. त्या रात्री मी हात जोडून म्हणालो, ‘बरं झालं देवा, आमची होडी वाचली.’ आईने डोळे उघडले. ‘ज्यांची गेली, त्यांचा देव वेगळा आहे काय रे?’

येशूच्या दाखल्यातला तो परुशी आठवा, धर्मनियम काटेकोर पाळणारा. मंदिरात उभा राहून तोही देवाचे आभारच मानत होता. तिथेच प्रार्थनेला आलेल्या, लोक पापी समजत त्या जकातदारासारखे आपण नाही, म्हणून. शेजाऱ्याच्या नुकसानीवर उभे केलेले आभार. माझे त्या रात्रीचे त्याच जातीचे होते.

प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. स्थितीबद्दल करा, असं तो म्हणत नाही. ही एक विभक्ती समजायला मला चाळिशी गाठावी लागली.

आईला ती आधीच कळली असावी. एका हंगामात आमचं जाळं पार फाटलं. त्या संध्याकाळी तिने आभार मानलेच नाहीत. ‘आज तोंडातून काही निघत नाही, देवा,’ एवढंच म्हणाली आणि बसून राहिली. बराच वेळ. पण बसली देवासमोरच. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तरी काय, ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं विचारणारी स्तोत्रं थोडीथोडकी नाहीत.

एरवी तिची प्रार्थना अगदी बारीकसारीक. गुडघा आज कमी ठणकला. पाऊस आला, पण बोंबील उचलून झाल्यावर. सून पहाटे न बोलावता मदतीला आली. मोघम ‘सगळ्याबद्दल आभार’ तिला चालत नाही. ‘देवाने मोघम दिलंय का?’

दहा कुष्ठरोगी बरे झाले, येशूकडे परत आला एकच, तोही शोमरोनी, यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कृतघ्नच होते, असं मला वाटत नाही. घरी जायची घाई झाली असेल. आम्हाला भाताची व्हायची, तशी.

काल रात्रीचीच गोष्ट. प्रार्थना झाली, आमेन झालं. आईने तांदळाची भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि घास तसाच ताटात ठेवला.

‘अरे, तो बर्फवाला राहिला. उधारीवर लादी दिली त्याने.’

कालवणाचा हात पदराला पुसून तिने पुन्हा जोडला. आम्हीही जोडले. भात निवत होता.