समुद्रकाठच्या परसातलं कुंपण : आधी स्क्रू, मग फळ्या

आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं. हे दोन स्क्रू पुढच्या रांगेत देतो, हातोहात मागे जाऊ द्या. दोन्ही एकाच कुंपणातले, एकाच दिवशी बसवलेले. एक अजून चकचकीत आहे आणि दुसऱ्याचं डोकं नखाने खरवडलं तर तांबडी भुकटी येते. कुंपण माझं स्वतःचंच होतं, त्यामुळे हसायचं तर बिनधास्त हसा. फळ्या निवडायला मी महिना घालवला, रंग बघितला, रेषा बघितल्या, शेजाऱ्यांना दाखवून आलो, आणि स्क्रू? ते मिस्त्रीच्या पिशवीत जे होते ते, थोडे असले थोडे तसले. तिसऱ्या वर्षी एका रात्री वारा सुटला, सकाळी बघतो तर फळ्या ठणठणीत आणि अख्खं एक पॅनेल गवतात आडवं.

तेव्हापासून मी लोकांना सांगतो की किनाऱ्यावरचं कुंपण उलट्या क्रमाने निवडायचं. आपण दुकानात जाऊन आधी फळी बघतो, मग खांब किती लागतील विचारतो, आणि स्क्रू बिलात शेवटी टाकतो. समुद्राजवळ आधी वारा, मग खांब, मग स्क्रू-बिजागऱ्या, आणि हे सगळं ठरलं की मग फळी.

वाऱ्याचं गणित सोपं आहे, घाबरू नका. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब पडतो ते मिळतं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे २४० न्यूटन, ढोबळमानाने २४ किलो. आता पॅनेल १.८ मीटर उंच आणि २.४ मीटर रुंद धरा, म्हणजे एका पॅनेलला कुणीतरी शंभरेक किलो वजनाने रेलून उभंय असं समजा. वारा दुप्पट झाला, ताशी १४४, तर माणसं दोन नाही होत, चार होतात, सव्वाचारशे किलोच्या आसपास. आणि हा नुसता दाब झाला, सपाट भिंतीसारख्या आकारावर प्रत्यक्षात याहून जास्तच पडतो. उंचीचं तर त्याहून वाईट. कुंपण दुप्पट उंच केलं की वारा दुप्पट अडतो आणि तो खांबाला दुप्पट वरून ढकलतो, म्हणजे खांबाच्या बुडाशी मोडायचा जोर चौपट. शेजारी दिसू नयेत म्हणून अजून फूटभर वाढवू असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं.

म्हणून समुद्राच्या बाजूला पूर्ण बंद कुंपण मला पटत नाही. लोकांना वाटतं बंद भिंत घातली की मागे शांत. नाही होत तसं. वारा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करत खाली आपटतो, नेमका तुम्ही खुर्ची टाकून बसता तिथे. वारा अडवायच्या पट्ट्यांवर बरंच काम झालंय आणि साधारण ४० ते ५० टक्के जागा मोकळी ठेवलेलं कुंपण चांगलं निघतं, वाऱ्याचा जोर मोडतो, भोवरे कमी, आणि आडोसा कुंपणाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत थोडाफार जाणवतो. वारा अडवू नका, गाळा. एकांत हवा असेल तर एक पट्टी पुढून एक मागून अशी आलटून पालटून लावा, समोरून बघणाऱ्याला काही दिसत नाही आणि वारा मधून निघून जातो. वाळू उडत असेल तर खाली जमिनीपासून ८-१० सेंटिमीटर फट ठेवा, पाणीही निघून जातं आणि फळीचं बूडही कुजत नाही.

खांबाचं थोडक्यात. लांबीचा एक तृतीयांश भाग जमिनीत असा साधा ठोकताळा आहे, पण तो घट्ट मातीचा, मोकळ्या वाळूला पकड नसते, तिथे अजून खोल जा आणि काँक्रीटचा पाया रुंद घ्या. पायाचा माथा खांबाकडून बाहेर उतरता करा. सपाट ठेवला की खांबाभोवती खारट पाण्याचं तळं साचतं, आणि खांब गंजतो तो बहुतेक तिथेच, काँक्रीटच्या अगदी वरच्या दोन बोटांत. काँक्रीटचेच खांब घेणार असाल तर आतल्या सळईवर निदान ५० मिलिमीटर काँक्रीट हवं, कारण मीठ आत पोचलं की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो आणि खांब आतून फोडतो. आणि कृपा करून समोरचीच वाळू उचलून काँक्रीट कालवू नका, मीठ आपणच आत भरतो मग!

आता मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, लाट फुटली की त्याचे बारीक तुषार हवेत जातात आणि आपल्या कुंपणावर येऊन बसतात. पाणी उडून जातं, मीठ राहतं. नुसतं कोरडं मीठ फार काही करत नाही, पण ते कोरडं राहतच नाही ना. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर ३३ टक्के पुरतात. म्हणजे पाऊस नाही, दव नाही, तरी धातूवर पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ कायमच. म्हण आहे कुंपणच शेत खातं म्हणून, इथे कुंपणाला खाणारा दिसत पण नाही. यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. सगळ्यात जास्त गंज पावसात भिजणाऱ्या बाजूला नसतो, तो आडोशाच्या बाजूला असतो. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडव्या पट्टीच्या खालच्या अंगाला, छपराखालच्या टोकाला, बिजागरीच्या मागे पाऊस पोचत नाही, तिथे मीठ साठत जातं. घरी गेल्यावर कुंपणाच्या खालून हात फिरवून बघा, खरखर लागेल.

स्क्रूकडे येऊ. दुकानात पांढरा चकचकीत स्क्रू मिळतो, त्यावर जस्ताचा थर असतो ५ ते १० मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, तो दिसायला राखाडी, खडबडीत, पण थर जाड, जाडजूड लोखंडावर तर ७०-८५ मायक्रॉनपर्यंत. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात धातू किती गंजतो त्यावरून हवेचे प्रकार पाडलेत, त्यात किनाऱ्यालगतच्या तिखट हवेत, सी५ म्हणतात तिला, जस्त वर्षाला साधारण ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. भागाकार तुम्हीच करा. चकचकीतवाला दोन वर्षं काढली तरी खूप.

स्टेनलेस म्हटलं की विषय संपला असं नाही. त्यातही प्रकार असतात, ३०४ आणि ३१६ हे नेहमीचे दोन. ३०४ ला समुद्राजवळ चहाचे डाग पडल्यासारखं तपकिरी होतं, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मोलिब्डेनम हा धातू मिसळलेला असतो, म्हणून ३१६ मिठापुढे बराच जास्त टिकतो. चुंबक लावून यातला फरक कळत नाही, दोन्हींना नीटसं चिकटतच नाही. बोल्टच्या डोक्यावर ए२ लिहिलेलं असेल तर ३०४ च्या घरातला, ए४ असेल तर ३१६ च्या. हे वाचायची सवय लावा, बोलण्यावर जाऊ नका.

ॲल्युमिनियम मला आवडतं. हलकं, स्वतःच्याच ऑक्साइडचा थर अंगावर घेऊन फिरतं, वर पावडर कोटिंग केलं की बरीच वर्षं बघावं लागत नाही. पण त्यात भोक पाडलं, कापलं, की तिथून मीठ कोटिंगच्या खाली शिरतं आणि रंगाला फोड येतात, म्हणून भोकं आधी, कोटिंग नंतर. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवू नका, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खारट पाण्यात त्यांची छोटी बॅटरी तयार होते आणि कमजोर धातू झिजतो. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत छोटा स्टेनलेस स्क्रू एकवेळ चालतो, स्टेनलेसच्या खांबात ॲल्युमिनियमचा रिव्हेट अजिबात नाही. ओल्या काँक्रीटलाही ॲल्युमिनियम थेट लावू नये.

लाकूड? लाकडाला मीठ तेवढं त्रास देत नाही जेवढं लोक समजतात, त्याचा खरा शत्रू सततची ओल आणि ऊन. सागवान चांगलंच. कुजू नये म्हणून तांब्याचं औषध मुरवलेलं स्वस्त लाकूडही चालतं, फक्त त्यातलं तांबं साध्या खिळ्यांना खातं, आणि कापलेल्या टोकाला परत औषध लावावं लागतं, ते कुणी लावत नाही. पीव्हीसी गंजत नाही हे खरंय पण ते वाढतं, ३ मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाला ६ मिलिमीटरच्या आसपास, खाचेत जागा सोडली नाही तर कमान होते. पीव्हीसीच्या वेष्टणातली जाळी स्वस्तात मस्त, वारा तर तिला लागतच नाही, पण कापलेली टोकं आधी गंजतात.

आणि जागा असेल तर झाडं लावा की! केवडा, सुरू, बोगनवेल खारं वारं सोसतात. कण्हेरही सोसते पण ती विषारी, लहान मुलं नाहीतर जनावरं असतील तर नको. पहिली दोन-तीन वर्षं रोपांना आडोसा लागतो, तेवढ्यापुरती साधी जाळी बांधा.

हां, तुमचा हात वर आहे. कुंपण आधीच घातलंय, स्क्रू चुकीचे आहेत, आता काय करू? सगळं उपटू नका. वारा येतो त्या बाजूपासून एकेक स्क्रू काढून ए४ चा बसवत या, एका सुट्टीच्या दिवशी दोन पॅनेल होतात. सगळ्यात आधी फाटकाच्या बिजागऱ्या घ्या, वजन त्यांच्यावरच लटकतं. आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारा, समोरून नाही, खालून.